नगरच्या दुहेरी रुपयाची किंमत

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो भट्टीच्या पंख्याबरोबर. खाली दुकान होतं आणि वर आम्ही राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंघोळ आटोपून खाली उतरायचे, कोळसा पेटवायचे आणि विजेचा पंखा सुरू करायचे. तो आधी दोनतीनदा खाकरायचा, मग त्याचा सूर लागायचा, आणि थोड्याच वेळात वरच्या स्वयंपाकघरातली फरशी अनवाण्या पायांना कोमट लागायला लागायची. "पेटली बघ," असं म्हणत आई तवा चढवायची. वर तिची भाकरी थापल्याचा आवाज, खाली अण्णांची हातोडी, मागच्या गल्लीतल्या बेकरीतून येणारा बनपावांचा गोड वास आणि या सगळ्यावर तरंगणारा तेजाबाचा उग्र दर्प. बाहेरचं माणूस आमच्या जिन्यात पाय ठेवताच नाकाला पदर लावायचं. मला मात्र आजही कुठं तेजाबाचा वास आला की भूक लागते.

आम्ही गलाईवाले. विटा-खानापूरकडची आमची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. माझे आजोबा बंगळूरला आले, मोठा भाऊ पुढं कोइमतूरच्या दुकानात गेला, आणि इथं अण्णा, आई आणि मी असे तिघंच राहिलो. मी बी.कॉम. होऊन दुकानाच्या पावत्या लिहीत होते. लग्नाचं बघताहेत बघताहेत म्हणता म्हणता दोन वर्षं गेली होती आणि त्याची मला फारशी घाई नव्हती. ज्वारी गावाकडून पोत्यानं यायची, पण आमटीला आम्ही केव्हाच सारू म्हणायला लागलो होतो. थंडी पडली की बाजारात अवरेकाळू यायचं. आपला पावटाच तो, पण इथल्या ओल्या शेंगांना एक तेलकट सुवास असतो. शेजारची सरोजअक्का तो वास नाकात भरून घ्यायची आणि "सोगडु बघ कसा आहे," म्हणायची. भिजवलेले दाणे चिमटीत धरून सालातून सुळकन बाहेर काढायचे, हे काम आई आणि मी जिन्यावर बसून तासन् तास करायचो. ते दाणे उडून खाली दुकानात जायचे आणि अण्णा ओरडायचे, "अगं, मुशीत पडतील!"

अण्णांच्या लेखी कुठल्याही वस्तूचा भाव दोन गोष्टींवर ठरायचा. वजन किती आणि कस किती. बाकी सगळं गिऱ्हाइकाचं दुःख किंवा गिऱ्हाइकाची हौस, आणि दोन्हीचा काट्याशी संबंध नव्हता. एकदा एक बाई नवऱ्याला कुस्तीत मिळालेलं चांदीचं कडं घेऊन आली आणि मैदान कसं मारलं ते सांगत राहिली. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, सगळं खरं. पण कुस्ती काट्यावर येत न्हाई." बाई हसली आणि कडं घेऊन परत गेली. अण्णांना त्याचंही काही वाटलं नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण तोंडातून गेलेला आकडा खोटा ठरता कामा नये, हा त्यांचा धर्म होता.

दर शनिवारी सकाळी देसाई सर यायचे. लोक म्हणायचे म्हणून सर. तसे ते बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल, मूळचे धारवाडचे. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायचे आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. गाळायला आलेल्या चांदीत जुनी नाणी असली तर अण्णा ती गिऱ्हाइकाला विचारून शनिवारपर्यंत बाजूला ठेवायचे. सर बाकावर बसून एकेक नाणं भिंगाखाली धरायचे आणि एखादं आवडलं तर वजनाच्या भावावर थोडे चढवून घ्यायचे. "तीच चांदी, आणि वरनं पैसे," अण्णा मला हळूच म्हणायचे. पावती मी लिहायची असल्यानं नाणं कसलं हे मला विचारावं लागायचं, आणि सरांना सांगायला आवडायचं. असं करत करत मी शिकत गेले. फारसी मला येत नव्हती, अजूनही येत नाही. पण सरांनी टांकसाळींची नावं मला चित्रासारखी ओळखायला शिकवली. म्हैसूर राज्याच्या जुन्या चांदीच्या दुहेरी रुपयावर पट्टण असेल तर शेवटी वाडग्यासारखं वळण आणि त्यात टिंब. नगर असेल, म्हणजे आपलं नगर नव्हे, म्हैसूर राज्यातलंच एक गाव, तर शेवटी नुसती खाली उतरलेली शेपटी. "पट्टणचे रग्गड मिळतात," सर म्हणायचे. "नगरचा मिळत नाही. दिसला तर मला हाक मार, छायव्वा. मी जेवत असलो तरी मार."

सरांकडं एक लाकडी खोका होता. लग्नपत्रिका जमवून त्यांच्या कोऱ्या बाजू ते एका मापात कापायचे आणि नाणं जितक्यांदा दिसेल तितक्यांदा त्याचं एक नवं कार्ड करायचे. ते नाणं कधी कुठं दिसलं, कुणाकडं होतं, मालकानं किती मागितले, कुणी किती देऊ केले आणि शेवटी किती दिले. विकलं गेलं नाही तरी कार्ड व्हायचंच. साध्या नाण्याची पन्नास-पन्नास कार्डं होती, पण त्यांची गरजच नव्हती, कारण त्यांचा भाव कुणीही सांगायचं. गरज होती ती वीस वर्षांत दोनदा किंवा तीनदा दिसलेल्या नाण्यांची, आणि नेमकी तिथंच दोनतीन कार्डं. त्या वर्षी नातवाच्या मुंजीसाठी सर महिनाभर धारवाडला जायला निघाले तेव्हा खोका माझ्याकडं देऊन गेले. शाई फिकी पडलेली कार्डं मी नव्यानं लिहून ठेवायची होती. एका कार्डाच्या मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आणि पुढे होयसळांच्या सोन्याच्या नाण्याचा भाव, असं सगळं मी मोठ्या आनंदानं उतरवत बसायची.

आणि नेमकी त्याच आठवड्यात जुलेखाबी आली. ती आमच्याच भागातली, मागच्या मशिदीपलीकडं राहणारी. नवरा वारल्यावर घरातच चार बायकांना घेऊन शाळेच्या गणवेशांची शिलाई करायची. मी तिला खाला म्हणायची. बोलायची दख्खनी, पण आमच्याशी बोलताना त्यात मराठी आणि कन्नड इतकं मिसळायची की आता ते मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही. तिनं रुमालाची गाठ सोडली. चांदीचे पैंजण, एक तुटका करगोटा आणि एक मोठं जाड नाणं.

"हे सगळं गाळून टाक बेटी. किती येतील ते सांग. मला ओव्हरलॉकची मशीन घ्यायची आहे. हातानं कडा शिवता शिवता डोळे गेले."

मी नाणं उचललं. तळहातावर ते चांगलंच जड लागलं. सासऱ्यांचा जरीचा धंदा होता आणि हे नाणं दोन तोळ्यांचं वजन म्हणून त्यांच्या तराजूत असायचं, असं ती सांगत होती. दोन तोळ्यांना ते किंचित कमीच भरतं, म्हणजे जरीच्या गिऱ्हाइकांना सासरेबुवा किती वर्षं किंचित कमी देत आले असतील, हा विचार मला फार नंतर सुचला. त्या क्षणी मी फक्त खालच्या ओळीकडं बघत होते. वाडगा नव्हता. टिंब नव्हतं. शेपटी होती.

अण्णांनी पैंजण काट्यावर घातले होते आणि नाण्यासाठी हात पुढं केला होता. मी मूठ मिटली. "अण्णा, हे नको."

"का गं?"

"हे नगरचं आहे."

"नगरचं असू दे न्हाईतर साताऱ्याचं. चांदी हाय का न्हाई?"

"आहे. पण नको." जुलेखाबी माझ्याकडं आणि अण्णांकडं आळीपाळीनं बघत होती. मी तिला सांगितलं, खाला, याचे चांदीच्या भावानं दीडशे-पावणेदोनशे येतील. पण हे फार दुर्मीळ आहे, मला एक दिवस दे.

त्या दुपारी मी कार्डं काढली. नगरच्या दुहेरी रुपयाची तीन होती. एकावर लिहिलं होतं, 'पाहिला, विकायचा नाही म्हणाले.' दुसऱ्यावर, 'एका घराण्याच्या संग्रहात, भावाचा प्रश्न नाही.' तिसरं बारा वर्षांपूर्वीचं. मागितले तीन हजार, देऊ केले एकवीसशे, दिले बावीसशे. म्हणजे उभ्या खोक्यात एकच झालेला सौदा. पण मी कॉमर्सची पदवीधर होते, माझ्याकडं बेरीज-गुणाकार होता. बारा वर्षांपूर्वी पट्टणचा साधा दुहेरी रुपया तीनशेला जायचा, असं सरांच्याच दुसऱ्या कार्डावर होतं. म्हणजे नगरचा त्याच्या सातपट, थोडा जास्तच. आता साधा अठराशेला जातो. अठराशेची सातपट बारा हजार सहाशे. त्यात आपला रुपया कुणाच्या खिशात फिरलेला नाही, अक्षरं खणखणीत, त्याचे थोडे वाढवले. आकडा आला पंधरा हजार. मी तो दोनदा तपासला. गुणाकारात काहीच चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी जुलेखाबी आली तेव्हा मी तो आकडा तिला सांगितला. हसत हसत सांगितला, हेही मला आठवतं. ती बाकावर बसली. मग उठली, आईकडं वर गेली, पाणी प्याली आणि परत खाली येऊन म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितला.

आता माझ्या फोनवर दिवसाआड कुणाकडून तरी नाण्याचा फोटो येतो. व्हाइटफील्डच्या ज्या इमारतीत मी लेकाजवळ राहते तिथली, महादेवपुऱ्यातली, पुण्या-नागपूरहून आलेली आयटीतली पोरं. आजोबांच्या पेटीत सापडलं, मॅडम, याची व्हॅल्यू काय असेल? मी आधी विचारते, विकायचंय का, आणि कधीपर्यंत? ती बिचारी गोंधळतात. त्यांना वाटतं मी टाळते आहे. त्यांना काय सांगू, की हा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता.

पुढच्या आठवड्यात जुलेखाबीचा रुपया घेऊन मी गावातल्या दोन व्यापाऱ्यांकडं गेले. पहिल्यानं रुपया उलटसुलट करून पाहिला, वजन केलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "नगर आहे, मान्य. पण मी तो कुणाला विकू? साधा असता तर उद्या गेला असता. दोन हजार देतो." दुसरा म्हणाला, "अडीच. तेही ठेवून जा, कुणी आलं तर बघू." मी सातपटीचा हिशोब त्याला समजावून सांगायला लागले. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "बरोबर आहे, अम्मा. आता ही सातपट देणारा माणूस मला दाखवा." महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरायची. तिथंही मी गेले. पन्नास पुरुषांत मी एकटी बाई. रुपया हातोहात फिरला, सगळ्यांनी वाहवा केली, दोघांनी त्याचे शिक्के कागदावर पेन्सिलीनं घासून उतरवून घेतले, आणि रुपया माझ्याकडं परत आला.

परतताना बसमध्ये मी ठरवलं की जुलेखाबीला सांगायचं, जरा थांबावं लागेल. ती दारातच उभी होती. तिनं मला बोलूच दिलं नाही. पैंजण आणि करगोटा मोडून आलेले दोन हजार तिनं मशीनवाल्याला आगाऊ देऊन टाकले होते. जुनी पण चांगली मशीन, अकरा हजारांची. बाकीचे नऊ संक्रांतीच्या आत द्यायचे ठरले होते. "तू पंधरा म्हणालीस," ती आनंदात म्हणाली, "म्हणून मी जास्त घासाघीस केली नाही."

मी घरी आले आणि जेवले नाही. आईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिनं अण्णांना वर बोलावलं. मी सगळं सांगितलं. अण्णा जमिनीकडं बघत ऐकत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "आपल्यात आकडा आधी काट्यावर काढतात, मग तोंडातनं. तू कुठल्या काट्यावर काढलास?"

त्यांनी टोपी घातली. "चल. सांगून येऊ तिला."

जुलेखाबीच्या खोलीत चार बायका मशीनवर होत्या. निळ्या कापडाचे ढीग, जमिनीवर धाग्यांच्या गुंतवळी. अण्णा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या दुकानातनं चुकीचा आकडा गेलाय. पोरीला अडीच हजाराच्या वर कुणी बोललं न्हाई. नऊ हजार भरायचे असतील तर मी उसने देतो, जमतील तसे फेडा." चारही मशीनी थांबल्या. जुलेखाबीची जाऊ कोपऱ्यात कापड बेतत होती, ती पुटपुटली की आधीच सांगितलं होतं. जुलेखाबीचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू. मग तिनं एका बाईला चहा टाकायला सांगितलं.

"उसने नक्को, अण्णा," ती म्हणाली. "हिनं थांबवलं नसतं तर मी पावणेदोनशे घेऊन घरी गेले असते आणि खूश असते. आकडा हिनं सांगितला, पण धावले मी." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण तू शोध. तू म्हणालीस ना दुर्मीळ आहे. दुर्मीळ आहे तर कुणाला तरी हवा असेल."

सर धारवाडहून आले ते मुंजीतले लाडू घेऊन. रुपया त्यांच्या हातात ठेवला तेव्हा ते बाकावरून उभेच राहिले. भिंगातून किती तरी वेळ बघत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मी माझा गुणाकार त्यांना दाखवला. त्यांनी तो वाचला, लाडू तोंडात टाकला आणि म्हणाले, "स्वल्प तडी, थांब जरा. हे बावीसशे कुणी दिले?"

"मंगळूरच्या वकिलांनी. कार्डावर आहे."

"त्यांच्याकडं आता काय आहे?"

"नगरचा रुपया."

"मग ते दुसरा सातपटीनं कशाला घेतील? जो सातपट द्यायला तयार होता, त्याची भूक त्याच दिवशी भागली. साधा रुपया सहापट झाला म्हणून तू त्याच्या भुकेलाही सहानं गुणलंस." ते चिडले नव्हते, उलट त्यांना मजा वाटत होती. त्यांनी बोट कार्डाच्या वरच्या ओळीवर ठेवलं. "इथं बघ. एकवीसशे कुणी देऊ केले?"

मी वाचलं. "मुडिगेरेचे गौडरु. कॉफीचा मळा."

"तो माणूस रिकाम्या हातानं घरी गेला, छायव्वा. अशा नाण्याची किंमत त्याच्याकडं असते." मग म्हणाले, "आणि अशा वेळी दोन आकडे सांगायचे असतात. आज विकायचा तर हा, आणि हवा असलेला माणूस सापडेपर्यंत थांबायचं तर हा. सापडायला किती दिवस लागतील ते आपल्याला माहीत नाही, हेही सांगायचं. तू एकच सांगितलास."

सरांनी त्याच दिवशी पत्र टाकलं. त्यांनाही खात्री नव्हती. बारा वर्षांत माणूस जातो, त्याचा छंद जातो, मुलं संग्रह विकून टाकतात. आम्ही वाट बघू लागलो. घरात अवरेकाळूचा मोसम भरात होता. उसळ, उप्पीट, सारू, सगळ्यात अवरेकाळू. मी जिन्यावर बसून दाणे सोलायची आणि पोस्टमन दिसला की खाली पळायची. उत्तर आलं ते नाताळाच्या सुमारास, कन्नडमध्ये, थरथरत्या अक्षरात. सरांनी मोठ्यानं वाचलं. नजर अधू झाली आहे, घेणं आता बंद केलं आहे, पण नगरचा असेल तर हातात धरायला येईन. मात्र कॉफीची तोडणी चालू आहे, मजूर सोडून निघता येत नाही. तोडणी संपली की येतो.

तोडणी संक्रांतीच्या आधी संपली नाही. मी मशीनवाल्याकडं जाऊन पंधरा दिवस मागितले. तो नाही म्हणाला, आणि सणाच्या दुसऱ्याच दिवशी मशीन दुसऱ्याला गेली. आगाऊ रकमेतले पाचशे कापून त्यानं बाकीचे जुलेखाबीला परत दिले. मी पावत्या लिहिण्याचे अण्णा मला महिन्याला काही पैसे द्यायचे, त्यातले पाचशे घेऊन मी तिच्याकडं गेले. ती नको नको म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं ते मोजले आणि कपाटात ठेवले. मग माझ्यासाठी चहा टाकला. तिनं ते पैसे घेतले याचं मला आजही बरं वाटतं.

गौडरु आले ते जानेवारी सरता सरता, सकाळच्या बसनं. उंच, वाकलेले, पांढरं शुभ्र धोतर आणि कोट, हातात काठी. बरोबर कुणी नाही. आईनं त्यांना कॉफी दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि नम्रपणे विचारलं की यात चिकोरी किती आहे. मी जाऊन जुलेखाबीला घेऊन आले. सर आधीच येऊन बसले होते. अण्णांनी त्या दिवशी भट्टीचा पंखा बंद ठेवला होता, त्यामुळं दुकानात सणासारखी शांतता होती.

गौडरुंनी रुपया घेतला, भिंग डोळ्याला लावलं, मग भिंग बाजूला ठेवून अंगठा त्या खालच्या ओळीवरून फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला. कन्नडमध्ये, कुणालाच उद्देशून नाही असं, ते म्हणाले, "त्या दिवशी मी एकवीसशेला थांबलो. पुढं आणखी दोनशे म्हणायचे होते. मला वाटलं, पुरे. बारा वर्षं मी त्या दोनशेचा विचार करतोय." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "अम्मा, तुम्ही किंमत काढलीत म्हणे. किती काढलीत?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णासुद्धा. पंधरा हा आकडा जिभेवर आला होता, अडीचही आला होता. मी म्हणाले, "मी काढलेली चुकली होती. रुपया यांचा आहे. तुम्ही दोघं बोला."

"मग मी आठ हजार देतो," गौडरु म्हणाले.

अडीचवरून आठ! मी जुलेखाबीकडं बघितलं की ही आता हो म्हणणार. ती पदर सावरून बसली आणि तिनं विचारलं, "यंदा कॉफी कशी काय, साहेब?"

गौडरु हसले. "बरी आहे."

"बरी? आमच्या गल्लीत पावडर दुप्पट झाली. दुकानदार म्हणतो कुठल्या तरी मुलकात थंडीनं झाडं जळाली, म्हणून आपल्या कॉफीला भाव आला. सोळा द्या."

सरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. गौडरुंनी नऊ म्हटलं, दहा म्हटलं. जुलेखाबी काहीच बोलेना. त्यांनी कॉफीचा पेला पुन्हा उचलला तो डाव्या हातानं. तिनं मला कोपरानं हळूच डिवचलं. मग माझ्याही लक्षात आलं. उजव्या हातात रुपया होता आणि आल्यापासून त्यांनी तो एकदाही खाली ठेवला नव्हता. मी कार्डं वाचत बसले होते. ही बाई माणूस वाचत होती.

"तेरा," शेवटी गौडरु म्हणाले. "आणि यापुढं मला चढवू नका, अम्मा. या वेळी मी थांबणार नाही हे तुम्हाला दिसतंय, मला माहीत आहे."

"सरी, ठरलं," जुलेखाबी म्हणाली, आणि तिनं हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

अण्णांनी नोटा दोनदा मोजून तिच्या रुमालात बांधून दिल्या. तिनं त्या पैशांतून महिन्याभरात दुसरी मशीन घेतली, आधीच्यापेक्षा नवी. ती चालवून दाखवायला तिनं आम्हाला तिघांना बोलावलं आणि आईला शिवणाचं कळत असल्यानं दोघी तासभर कडेच्या टाक्यांवरच बोलत बसल्या. सरांनी चौथं कार्ड मला लिहायला लावलं. मागितले सोळा, देऊ केले आठ, दिले तेरा. व्यापाऱ्यांचे दोन आणि अडीचही लिहायला सांगितले. माझा पंधराचा आकडाही मी लिहिला, कंसात 'चूक' असं. सरांनी ते कार्ड वाचलं. मग म्हणाले, "कॉफीचा भावही लिही. वीस वर्षं मी ही कार्डं करतोय, मला हे कधी सुचलं नाही."

गौडरु पुढं चार वर्षं होते. दर थंडीत त्यांच्याकडून एक पुडा यायचा, चिकोरी नसलेली पावडर. आई त्यात चिकोरी घालायची.

रुपया विकला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली एक दुपार मला विसरता येत नाही. मी वर होते. खाली भट्टी पूर्ण तापलेली, पंखा घुमत होता, आणि अण्णांनी जिन्याखालून हाक मारली. मी गेले तर एक अनोळखी गिऱ्हाईक बाकावर अस्वस्थ बसलेलं, कपाळावर घाम. मूस लाल झाली होती. कोळसा फुकट जळतोय म्हणून एका मिनिटाचाही हिशोब करणारे अण्णा चिमटा हातात धरून नुसते उभे होते. ओट्यावर तीस-बत्तीस चांदीचे रुपये होते.

"यांना म्हटलं, थांबा जरा," अण्णा म्हणाले. "आमची पोरगी बघंल, मगच मुशीत जातील."

मी बसले. एकेक रुपया उजेडात धरला, दोन्ही बाजू बघितल्या, सालं वाचली. सगळे इंग्रजांच्या वेळचे, घासलेले, जसे हजारोंनी मिळतात तसे. तरी मी एकही न बघता सोडला नाही. वीस मिनिटं गेली असतील. अण्णांनी एकदाही घाई केली नाही. शेवटचा रुपया मी ढिगावर ठेवला.

"गाळा, अण्णा."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग गिऱ्हाइकाकडं वळून, काट्यावरचं वजन सांगावं तशा आवाजात म्हणाले, "चांदीचाच भाव मिळंल, पावणं. पोरीनं बघितलंय." आणि पहिला रुपया चिमट्यानं उचलून मुशीत सोडला.